सर्पदंशाची 'लस' म्हणणं बरोबर की चूक?

परळ_टीटी

पावसाळा लागला की एक बातमी ठरलेली असते. अमक्या ग्रामीण रुग्णालयातली 'सर्पदंशाची लस' संपली, रुग्णाला मुंबईला हलवावं लागलं. बातमी खरी असते, त्यामागचा संताप रास्त असतो, पण शब्द चुकीचा असतो. माणसाला आधी टोचून ठेवावी आणि मग साप चावला तरी निभावून जावं, अशी सर्पदंशाची लस आपल्याकडे कुठल्याच रुग्णालयात मिळत नाही. तिथे संपतं ते प्रतिविष.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे दर वर्षी नव्या मुलांच्या डोक्यातला हा घोळ मलाच निस्तरावा लागतो. लशीत रोगाचा मारलेला किंवा दुबळा केलेला जंतू असतो, नाहीतर त्याचा एखादा तुकडा असतो, किंवा तो तुकडा कसा बनवायचा याची कृती असते. ते पाहून आपलं शरीर स्वतः प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला किंवा विषाला निकामी करणारी प्रथिनं, तयार करतं. त्याला दिवस, कधी आठवडे लागतात, पण एकदा जमलं की ते शरीराच्या लक्षात राहतं. प्रतिविषाचं सगळंच निराळं. घोड्याला सापाचं विष आधी अगदी किंचित आणि मग वाढत्या मात्रेत टोचत जातात. घोड्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली की ती काढून, शुद्ध करून कुपीत भरतात. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालतं. त्यातली प्रतिपिंडं घोड्याची, आयती आलेली. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ती शरीरातून नाहीशी होतात आणि मागे कसलंही संरक्षण उरत नाही. लस पोहायला शिकवते, प्रतिविष बुडत्याला बाहेर काढतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. लस या शब्दाला आज एक नेमका अर्थ आहे. वर्तमानपत्रांनी आणि सरकारी फलकांनी प्रतिविषाला लस म्हणणं थांबवावं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहावं, कारण हा शब्द लोकांच्या जिवाशी जोडलेला आहे.

शब्दवेडी

तळमळ कळली, निकाल मान्य नाही. तुम्ही मराठी शब्दाचा अर्थ इंग्रजी शब्दावरून ठरवताय. 'लस' हे 'व्हॅक्सिन'चं भाषांतर नाहीच.

व्हॅक्सिनच्या मुळाशी गाय आहे. लॅटिनमध्ये गाईला 'वाक्का' म्हणतात. १४ मे १७९६ रोजी एडवर्ड जेन्नरने सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव घेतला आणि जेम्स फिप्स नावाच्या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर टोचला. तिला तो फोड गाईच्या देवींमुळे आला होता. १७९८ साली जेन्नरने या रोगाला लॅटिन नाव दिलं ते 'व्हेरिओली व्हॅक्सिनी', म्हणजे गाईच्या देवी. त्यातूनच पुढे व्हॅक्सिन आलं.

मराठी शब्दात गाय शोधूनही सापडत नाही. त्यात आहे तो फोडातला द्रव. जखम चिघळली की 'लस येतेय' असं आपल्या आया-आज्या म्हणतात, आजही म्हणतात. संस्कृतात याच अर्थाचा शब्द आहे लसीका. शरीरातलं उदक व्रणापाशी, त्वचेच्या आत आलं की त्याला लसीका म्हणतात, असं चरकसंहितेच्या शारीरस्थानात आहे. शाळेच्या जीवशास्त्रातही लिम्फला लसीकाच म्हणतात. आणि जेन्नरची पद्धत मुंबईत आली तेव्हा इंग्रज डॉक्टर स्वतः त्या द्रवाला लिम्फच म्हणत होते. तो बगदाद, बसरा करत इथे पोहोचला आणि १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचला गेला. हिंदुस्थानात यशस्वी झालेली ही पहिली लस, आणि ती याच शहरात. तिच्या दंडावरच्या फोडातून पुढच्या मुलांना, त्यांच्या फोडांतून आणखी पुढच्यांना, असा दंडावरून दंडावर प्रवास करत तो द्रव पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रासपर्यंत गेला. ना बाटली, ना बर्फ, माणसांच्या अंगातूनच वाहून नेलेला. मराठी माणसाने डोळ्यांना जे दिसलं त्याला नाव दिलं.

आता तुमच्या घोड्याकडे येऊ. घोड्याचं रक्त गोठलं की वर जो पिवळसर द्रव सुटतो तो सीरम. लॅटिनमध्ये सीरम म्हणजे दह्यावरची निवळी. अंगातून निघालेला पातळ द्रव, दुसरं काय? मूळ मराठी अर्थाने पाहिलं तर घोड्याच्या रक्तातून आलेलं प्रतिविष हीच खरी लस, आणि कोविडच्या एमआरएनए लशीत, म्हणजे तुम्ही म्हणता त्या 'कृती'च्या लशीत, कुठल्याही जनावराची लस नाही. म्हणजे ज्याला हा शब्द शोभतो त्याच्याकडून काढून घ्यायचा आणि ज्याचा त्याच्याशी संबंध नाही त्याला बहाल करायचा, असं तुमचं म्हणणं होतं.

कर्जत_लोकल

एवढा वाद आहे तर सरळ व्हॅक्सिन आणि अँटीव्हेनम म्हणा. दोन्ही शब्द लोकांना माहीत आहेत.

शब्दवेडी

'व्हॅक्सिन' माहीत आहे, 'अँटीव्हेनम' नाही. आणि दोनशे वर्षांचा, दोन अक्षरांचा, खेडोपाडी कळणारा शब्द सोडून द्यायचं कारण काय? हिंदीला 'टीका' हा शब्द आहे, तो आपल्याला घेता येत नाही, मराठीत टीकेचा अर्थ निराळा. लस आपली आहे, राहू द्या. एवढ्यापुरती मी परळ_टीटींच्या बाजूने.

उपसंपादक_गिरगाव

आमच्या टेबलावर रात्री बातमी येते तेव्हा मथळ्याला एका ओळीची जागा असते. 'सर्पदंशाची लस संपली' म्हटलं की वाचकाला क्षणात कळतं की साप चावल्यावर जे देतात ते तिथे नाही आणि माणूस मरू शकतो. जाब विचारायला एवढं पुरतं. 'प्रतिविष' लिहिलं की निम्म्या वाचकांना त्यात 'विष'च दिसतं. शास्त्रीय काटेकोरपणा हवा, मान्य. पण बातमीचं पहिलं काम यंत्रणेला हलवण्याचं आहे, आणि ते 'लस' या शब्दाने आजवर नीट केलंय. घाट उतरून रुग्णाला मुंबईत आणावं लागतं तिथे शब्दावर अडून बसणं मला पटत नाही.

तिसरी_पाळी

मी महापालिकेच्या रुग्णालयात अपघात विभागात सिस्टर आहे. शब्दाने काय होतं ते आम्ही रोज पाहतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साप चावलेल्या माणसाबरोबर पाच-सहा नातेवाईक येतात आणि पहिलं वाक्य असतं, "सिस्टर, आधी लस द्या." आम्ही देत नाही. पाहत बसतो. कारण चावलेला साप बिनविषारी असू शकतो, आणि विषारी सापानेही कधीकधी नुसते दात लावलेले असतात, विष सोडलेलं नसतं. नाग किंवा मण्यार असेल तर पापण्या जड होतात का, बोलणं अडखळतंय का, गिळता येतंय का, श्वास नीट आहे का, हे पाहायचं. घोणस, फुरसं असेल तर हिरड्यांतून, जखमेतून रक्त येतंय का ते पाहायचं. काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि गोठलं की नाही ते बघायचं. लक्षणं दिसली की मग एक मिनिट थांबत नाही. पण लक्षणांशिवाय प्रतिविष देणं धोक्याचं, कारण ते घोड्याचं प्रथिन आहे. कुणाच्या अंगावर गांधी उठतात, कुणाचा रक्तदाब एकदम उतरतो, श्वास कोंडतो. त्यासाठी अ‍ॅड्रेनलिन हे ती प्रतिक्रिया आवरणारं औषध भरून शेजारी ठेवूनच आम्ही सलाईन सुरू करतो.

हे सगळं त्या नातेवाइकांना कसं समजावायचं? त्यांच्या मनात लस म्हणजे काय आहे? बाळाला देतात ती. पोलिओची, गोवराची. कुत्रा चावल्यावर देतात ती. लस द्यायला कुणी थांबत नाही, लशीने अपाय होत नाही, लस जितकी लवकर तितकी चांगली. मग "तुमच्याकडे लस असून देत नाही, आमचं माणूस मारताय" अशी आरडाओरड होते. एकदा माझ्या सहकारी सिस्टरला धक्काबुक्की झाली, तीही रुग्णात विषबाधेचं एकही लक्षण नसताना.

दुसरा प्रकार लहान मुलांचा. आईवडील म्हणतात, पोर एवढंसं आहे, लस अर्धीच द्या. लशीचा डोस मुलांना कमी असतो असं त्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. प्रतिविष मुलाला मोठ्याइतकंच द्यावं लागतं. सापाने माणूस पाहून विष मोजलेलं नसतं. जेवढं विष आत गेलं तेवढं मारायला तेवढंच प्रतिविष लागतं. सुरुवातच आठ-दहा कुप्यांनी होते.

तिसरा प्रकार मला सगळ्यात भीतीदायक वाटतो. बरा होऊन घरी जाणारा माणूस विचारतो, "म्हणजे आता मला परत साप चावला तरी काही होणार नाही ना? लस झालीय." हा प्रश्न मी अनेकांच्या तोंडून ऐकलाय. शेतात, गोठ्यात, आरेच्या पाड्यावर परत जाणारी माणसं ही.

आणि गंमत पाहा, पायात खिळा घुसला की आम्ही देतो ते धनुर्वाताचं इंजेक्शन खरोखरची लस आहे, पण तिला लोक लस म्हणत नाहीत, 'टीटीचं इंजेक्शन' म्हणतात. लस नाही तिला लस म्हणतात आणि आहे तिला म्हणत नाहीत.

आरे_सर्पमित्र

सिस्टरांशी पूर्ण सहमत, आणि माझ्याकडची एक भर. सह्याद्रीत फिरायला जाणाऱ्या मुलांचे फोन येतात, "निघण्याआधी सापाची लस कुठे घेता येईल?" शिकलेली मुलं, कंपन्यांत काम करणारी. त्यांना मी सांगतो, टॉर्च घ्या, घोट्याच्या वर येणारे बूट घाला, दगडाखाली आणि कपारीत हात घालू नका, टोचून घ्यायला काहीही नाही. दुसरं असं, की 'लस' म्हटलं की सगळ्या सापांवर एकच असेल असं वाटतं. घाटात चापडा हा विषारी साप भरपूर. आपलं प्रतिविष चार सापांच्या विषापासून बनवलेलं, त्या चारांत चापडा नाही. त्याच्या दंशावर त्याचा भरवसा धरता येत नाही.

पण 'प्रतिविष' हा शब्द मलाही जड वाटतो. पाड्यावर मी 'सापाच्या विषावरचं औषध' म्हणतो. कळतं.

शब्दवेडी

तिसरी_पाळी, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. सहकारी सिस्टरला झालेली धक्काबुक्की भयंकर आहे. तरी दोष शब्दावर टाकताना जपून. त्या नातेवाइकांना औषध उशिरा का देतात हे कुणी सांगितलेलं नव्हतं. 'प्रतिविष' म्हटलं असतं तरी ते "प्रतिविष द्या" असंच ओरडले असते.

आणि परळ_टीटी, तुमच्या व्याख्येत एक मोठी फट आहे. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस टोचली ती कुत्रा चावल्यानंतर. आज मुंबईत कुत्रा चावला की आपण दवाखान्यात धावतो आणि दंशानंतरच लस घेतो. मग चावल्यानंतर दिलेलं ते लस नाही, असं म्हणायला तोंड उरत नाही. लोकांनी कुत्र्यावरून सापाचा अंदाज केला, तो तर्क चुकीचा कसा? भाषा अशीच तर्काने वाढते. फोडातल्या पाण्यापासून एमआरएनएपर्यंत हा शब्द चालत आला तेव्हा कुणी अडवलं नाही. सापापाशीच नाकं का मुरडायची?

परळ_टीटी

माझं पहिलं लिखाण पुन्हा वाचा. 'आधी' आणि 'नंतर' यावर मी व्याख्या उभी केलेलीच नाही. प्रतिपिंडं कोण तयार करतं यावर केली आहे, आणि रेबीज त्याचंच उत्तम उदाहरण आहे.

रेबीजचा विषाणू जखमेपासून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. त्याला बहुतेक वेळा काही आठवडे, कधी महिने लागतात. तेवढ्या अवधीत लस शरीराकडून प्रतिपिंडं तयार करून घेते, म्हणून चावल्यानंतरही ती उपयोगी पडते. घोणशीचं विष काही तासांत रक्त बिघडवतं, मण्यारीचं एका रात्रीत श्वास बंद करतं. तिथे शरीराला शिकायला सवड नाही, म्हणून घोड्याकडून उसनं आणावं लागतं. आणि कुत्र्याचा चावा खोल असेल, रक्त आलं असेल, तर लशीबरोबर जखमेत आणखी एक इंजेक्शन देतात, रेबीज इम्युनोग्लोब्युलिन. ती आयती प्रतिपिंडं. म्हणजे एकाच रुग्णाच्या अंगात, एकाच दिवशी, लसही जाते आणि प्रतिपिंडंही जातात. दोन्हींना 'लस'च म्हणायचं ठरवलं तर पुढे काय होतं? "लस घेतली ना, झालं" म्हणून ते दुसरं इंजेक्शन राहून जातं. खोल चाव्यात ते राहणं जिवावर बेतू शकतं.

आता उगमाविषयी, कारण तुमचा सगळा भर त्यावर आहे. आपल्याच शहरातलं १८९७ साल पाहा. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. वाल्डेमार हाफकिन आले, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा मिळाली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. रश्शात वाढवून उष्णतेने मारलेले जंतू होते त्यात. त्याच वर्षी मार्चमध्ये अलेक्झांडर येर्सिन मुंबईत आले, तेच ज्यांनी हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधला होता. त्यांच्याबरोबर घोड्यांपासून बनवलेलं सीरम होतं. हाफकिनची लस निरोग्यांना, येर्सिनचं सीरम आजाऱ्यांना. येर्सिनच्या सीरमने निराशा केली, हाफकिनच्या लशीने माणसं वाचवली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच शहरात, एकाच रोगावर वापरल्या गेल्या, आणि त्या वेगळ्या आहेत हे तेव्हाच्या डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं. ज्या शहराने हा फरक एवढा जवळून पाहिला त्या शहराच्या वर्तमानपत्रात आज तो पुसला जावा, याचं मला फार वाईट वाटतं.

आणखी एक. सर्पविषावरचं घोड्याचं सीरम १८९४-९५च्या सुमारास ज्यांनी तयार केलं त्यांत आल्बेर काल्मेत हे मोठं नाव. हेच काल्मेत पुढे गेरँ यांच्याबरोबर क्षयावरची बीसीजी लस बनवतात, १९२१ पासून ती बाळांना मिळू लागली. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातच्या. त्याने एकीला सीरम म्हटलं, दुसरीला व्हॅक्सिन.

शब्दवेडी

येर्सिनची गोष्ट सांगितलीत ते बरं झालं, ती फारशी कुणी सांगत नाही. पण काल्मेतने फ्रेंचमध्ये काय म्हटलं त्याने मराठीचा निवाडा होत नाही. १८८१ साली लंडनच्या वैद्यक परिषदेत पाश्चरने जेन्नरच्या सन्मानार्थ 'व्हॅक्सिन' हा शब्द सगळ्याच रोगांच्या लशींना लावावा असं सुचवलं. गाईशी संबंध नसलेल्या गोष्टीला गाईचं नाव दिलं, जाणूनबुजून. त्याने इंग्रजी-फ्रेंचची दारं उघडली. मराठीने आपलं दार स्वतः उघडलं आणि त्यातून प्रतिविषालाही आत घेतलं. मला त्यात अडाणीपणा दिसत नाही. अंगात टोचायचं, जीव वाचवणारं, जनावराच्या अंगातून आलेलं पाणी, असं तिन्ही बाजूंनी ते 'लस' या शब्दात बसतं.

सिस्टर सांगतायत तो धोका मी मानते. धोका आहे म्हणून वेगळा शब्द वापरा, हे मला चालेल. 'लस' म्हणणं *चूक* आहे, हे चालणार नाही. सोय म्हणून शब्द बदलणं वेगळं आणि शेकडो माणसांच्या बोलण्याला अशुद्ध ठरवणं वेगळं.

परळ_टीटी

माणसाला अशुद्ध ठरवायचं नाही. पाड्यावरची बाई 'लस' म्हणाली तर मी तिला दुरुस्त करणार नाही. पण ज्यांच्या हातात छपाई आहे, ज्यांच्या सहीने फलक लागतात, त्यांना 'चूक' हाच शब्द लागू होतो. त्यांना फरक कळतो, विचारायला डॉक्टर आहेत, तरी ते लिहितात. इथे मी मागे हटणार नाही.

उपसंपादक_गिरगाव

दोघांचं वाचलं. सिस्टरांचा तिसरा प्रकार, बरा झालेला माणूस "लस झालीय" म्हणून परत शेतात जातो, तो डोक्यातून जात नाहीये. मथळा बदलायला माझी तयारी आहे, पण शब्द मराठी हवा. 'उतारा' का नको? विषावर उतारा, हा शब्द आपल्याकडे आहेच. 'सर्पविषाचा उतारा संपला'. लहान, जुना, सगळ्यांना कळणारा, आणि आत गेलेल्या विषावरच उतारा असतो, त्यामुळे 'आधी घेऊन ठेवतो' असं कुणाच्या मनात येणार नाही.

शब्दवेडी

उतारा! हा शब्द मला मनापासून आवडला.

आरे_सर्पमित्र

नको. कृपा करून नको. मी ज्या वस्त्यांवर जातो तिथे 'उतारा' म्हणजे भाकरी-लिंबू ओवाळून तिठ्यावर टाकणं. आणि 'विष उतरवणं' म्हणजे भगताकडे नेणं. माणूस चावल्यावर पहिला तास तिथेच जातो. कडुलिंबाचा पाला चघळायला देतात, कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर आहे. मंत्र घालतात. बिनविषारी साप असेल तर माणूस आपसूक बरा होतो आणि भगताचं नाव होतं. मण्यार असेल तर दंश दुखतही नाही, सूजही येत नाही, पहाटेपर्यंत सगळे निर्धास्त. मग पापण्या मिटायला लागतात. रुग्णालयात मिळणाऱ्या औषधाला आपण 'उतारा' नाव दिलं तर भगत म्हणेल, उतारा माझ्याकडेही आहे.

तिसरी_पाळी

सर्पमित्र बोलले ते अगदी खरं. आमच्याकडे उशिरा आलेल्यांत कितीतरी जण आधी 'उतरवून' आलेले असतात. वर करकचून दोरी बांधलेली, ब्लेडने चिरलेलं. घोणशीच्या दंशावर चिरलं की रक्त थांबता थांबत नाही, कारण ते गोठतच नसतं. आम्ही आपापसांत 'एएसव्ही' म्हणतो, कुपीवरच्या इंग्रजी नावाची अक्षरं. ते बाहेर चालणार नाही. नातेवाइकांशी बोलताना मी आता 'विषावरचं औषध' म्हणते. "औषध तयार आहे, लागलं तर लगेच देऊ" म्हटलं की लोक थांबतात. औषध आजार दिसल्यावर देतात, उगीच देत नाहीत, त्याने त्रासही होऊ शकतो, हे सगळं 'औषध' या शब्दात त्यांना आधीपासून ठाऊक असतं. 'लस' म्हटलं की यातलं काहीच ठाऊक नसतं.

शब्दवेडी

उताऱ्यावरचा आक्षेप मान्य. माझ्या घरात उतारा हा नुसता शब्द आहे, तिथे ती अख्खी रीत आहे.

'औषध' चांगलं. पण सिस्टर, तुमच्या युक्तिवादाकडे पाहा. तुम्ही 'लस' सोडलीत ती काल्मेतमुळे नाही आणि जेन्नरमुळेही नाही. ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटतं ते पाहून सोडलीत. मला हेच म्हणायचं होतं. शब्दाचा उगम मी सांगितला तो खरा आहे आणि तो खराच राहील. व्हॅक्सिनची व्याख्या परळ_टीटींनी सांगितली तीही खरी. अपघात विभागात दोन्हींचं काम पडत नाही.

परळ_टीटी

व्याख्येचं काम पडतं. सिस्टर थांबून का पाहतात, मुलाला पूर्ण मात्रा का देतात, बरं झालेल्याला परत धोका का असतो, या तिन्ही प्रश्नांचं उत्तर 'प्रतिपिंडं उसनी आहेत' या एका वाक्यात आहे. औषध म्हणा, प्रतिविष म्हणा, ते वाक्य मात्र शाळेच्या पुस्तकात आलं पाहिजे.

उपसंपादक_गिरगाव

ठीक. मथळ्यात 'सर्पदंशावरचं औषध संपलं', बातमीच्या पहिल्या परिच्छेदात 'प्रतिविष', पुढे हवा तिथे पुन्हा 'औषध'. 'लस' फक्त कुणाच्या तोंडचं वाक्य अवतरणात देताना, कारण माणूस जे बोलला ते बदलायचा मला हक्क नाही. टेबलावर बाकीच्यांना विचारतो. सिस्टर, बातमीखाली चौकट द्यायची तर काय लिहू?

तिसरी_पाळी

एवढंच लिहा. चावलेला हात किंवा पाय हलवू नका, फळीला सैलसर बांधा. दोरी आवळू नका, चिरू नका, चोखू नका. साप मारायला किंवा पकडायला वेळ घालवू नका. अंगठी, बांगड्या, जोडवी काढून ठेवा, सूज आली की निघत नाहीत. चावल्याची वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा. दंश दुखत नसला तरी रुग्णालयात या, रात्र असली तरी या. १०८ ला फोन करा. आणि आल्यावर आम्ही लगेच औषध दिलं नाही तर समजा की आम्ही पाहतोय, लक्षणं दिसली की देणार आहोत.